नऊवारी पैठणीची घडी मोडताना : कामाच्या नोंदी

१४ ऑक्टोबर

दसरा झाला, दुपारची हवा कोरडी व्हायला लागली, म्हणून आज सासूबाईंची ट्रंक काढली. आम्ही डोंबिवलीत राहतो. इथे पावसाळ्यात रेशमी कपड्याची घडी उघडली की दमट हवा आत घेऊनच ती परत बंद होते, त्यामुळे सप्टेंबर संपेपर्यंत थांबणं भागच होतं.

ट्रंकेत तीन वस्तू आहेत. आजेसासूबाईंची नऊवारी पैठणी : वांगी रंग, नारळी काठ, पदरावर आसावलीच्या वेली. सासूबाईंची येवल्याची सहावारी, १९८८ सालच्या लग्नातली, पोपटी, बांगडी मोराच्या पदराची. आणि एक शेला. शेल्याला काही झालेलं नाही, त्याची फक्त घडी बदलायची आहे. सहावारीचा काठ खालून चुण्या पडून गोळा झालाय. खरं काम आहे ते नऊवारीचं.

ती जमिनीवर धुतलेल्या चादरीवर पूर्ण पसरली तेव्हा एक गोष्ट स्पष्ट दिसली. नेसताना जो भाग सगळ्यात जास्त झिजतो, म्हणजे घोट्याजवळचा काठ आणि काष्ट्याचा भाग, तो जवळजवळ धड आहे. फाटलाय तो पदर, आणि तोही सरळ रेषेत, जिथे जिथे घडी होती बरोबर तिथेच. सासूबाईंना आठवतंय तेव्हापासून ही साडी त्याच घडीत आहे. नेसून ती जेवढी झिजली नाही तेवढी त्या घडीने खाल्ली.

याचं कारण विणीत आहे. पैठणीच्या अंगात ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) दोन्ही रेशमी असतात. पदरात ताणा रेशमीच राहतो, पण बाण्याला जर येते. म्हणजे बारीक रेशमी दोऱ्यांवर धातूचं सगळं वजन. तिथे घडी पडली की जरीची चपटी तार मोडते आणि तिची मोडकी कड शेजारच्या ताण्याला वर्षानुवर्षं कापत राहते. वरून ट्रंकेतल्या बाकीच्या साड्यांचा दाब असतोच.

१५ ऑक्टोबर

हात धुऊन, बांगड्या-अंगठी काढून, क्रीम न लावता कामाला बसायचं, हा नियम आजपासून. आधी फोटो घेतले. मग कागदावर साडीचा नकाशा काढला आणि प्रत्येक चीर काठापासून किती इंचावर आहे ते त्यावर लिहिलं. हे कंटाळवाणं काम टाळू नका. पुढे महिनाभर मी साडी न उघडता त्या कागदावर बघूनच बरंच काही ठरवलं.

सराफाकडे असतं तसं दहापट दाखवणारं भिंग ३५० रुपयांना आणलं. पदराच्या मधल्या चिरेवर ते धरलं तेव्हा जर म्हणजे काय ते पहिल्यांदा नीट कळलं. पिवळसर रेशमी धाग्यावर केसाहून बारीक चपटी तार गुंडाळलेली. घडीपाशी ती तार उलगडून उभी राहिलीये, आतला धागा उघडा पडलाय आणि त्याच्या बाजूचे चार-पाच ताणे तुटून त्यांची टोकं फुललीयेत.

दुसरी गोष्ट काठावर सापडली. नारळी काठावर एक काळा पट्टा होता, पाव इंच रुंदीचा, अगदी सरळ. कोणीतरी कधीतरी घडी सुटू नये म्हणून रबरबँड लावून ठेवलं होतं. रबरात गंधक असतं, जरीत चांदी. गंधक लागलं की चांदी काळी पडते. आजूबाजूची जर अजून उबदार सोनेरी आहे आणि रबर होतं तेवढीच पट्टी काजळासारखी. साडीला रबरबँड नको, लोकरीच्या शालीत गुंडाळून ठेवणंही नको.

१७ ऑक्टोबर

डांबराच्या गोळ्या थेट घडीतच टाकलेल्या होत्या. वास इतका की पसरल्यावर खोलीत बसवेना. भावजयीचं तान्हं बाळ सध्या आमच्याकडे आहे. नॅप्थलीनची वाफ लहान बाळांना, विशेषतः रक्तातल्या काही जन्मजात दोषांच्या बाळांना, धोक्याची असते. म्हणून साडी गच्चीशेजारच्या रिकाम्या खोलीत हलवली. उन्हात टाकायची नाही, उन्हाने रेशीम कमकुवत होतं आणि रंगही उडतो. खिडकीला पडदा, हळू पंखा, आणि दुपारी हवा कोरडी असेल तेवढाच वेळ.

भिंतीवर ४५० रुपयांचं आर्द्रता मोजणारं यंत्र लावलंय. सकाळी ते ७० च्या पुढे असतं, दुपारी ५० च्या आसपास येतं. ६५ च्या वर सतत राहिलं तर बुरशीला आमंत्रण. त्यामुळे पसरायचं दुपारी आणि झाकायचं संध्याकाळच्या आत.

धूळ झटकून काढायची नाही, झटक्याने तुटके ताणे आणखी तुटतात. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर मच्छरदाणीचं कापड दोऱ्याने घट्ट बांधलं, ताकद सगळ्यात कमी ठेवली आणि साडीला न टेकवता वरून फिरवलं. चिरांच्या जागा सोडून दिल्या. जाळीवर राखाडी थर जमला, त्यात कसरीची दोन-तीन रिकामी कवचंही होती. जिवंत काही दिसलं नाही.

२० ऑक्टोबर

धुवायची की नाही, याचा निकाल आज लागला. कापसाचा बोळा डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून, पिळून, प्रत्येक रंगावर आतल्या बाजूने दाबला आणि वर पांढरा टिपकागद धरला. आसावलीच्या पानांचा हिरवा पक्का निघाला. फुलांचा लाल लगेच उतरला. अंगाचा वांगी रंग हा निळा ताणा आणि लाल बाणा मिळून झालाय, त्यातलाही लाल सुटला. ही साडी पाण्यात गेली असती तर सगळा पदर गुलाबी झाला असता. मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग बसतो, असं सगळे सांगतात. कच्चा जुना रंग त्याने पक्का होत नाही.

रिठ्याचं पाणी सौम्य असतं हे खरं, पक्क्या रंगाच्या नव्या रेशमाला ते चालतं. इथे अडचण साबणाची नव्हतीच, पाण्याची होती. ड्रायक्लीनिंगही नको ठरवलं, कारण तिथे यंत्रात साडी फिरते आणि हा पदर एकदाही फिरण्याच्या अवस्थेत नाही.

पदराच्या कोपऱ्यात कुंकवाचा डाग आहे. तो तसाच राहणार.

२४ ऑक्टोबर

जर उजळवण्याबद्दल आठवडाभर सल्ले येतायत. चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर, टूथपेस्ट, खायचा सोडा आणि फॉइल. यातलं काहीही करू नका. जुनी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा अतिशय पातळ थर. घासलं की आधी जातं ते सोनं, काळेपणा नंतर जातो. आंबट पदार्थाचा अंश विणीत राहतो आणि सोडा रेशमाला मारक असतो. काळी पडलेली जर कुरूप दिसत असेल, पण त्या काळेपणाने ती तुटत नाही. ती तुटते घडीने. मी रबराच्या त्या पट्ट्यालाही हात लावलेला नाही.

सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, जुनी जर विकत घेणारा दारावर यायचा तेव्हा. वजन करून पैसे द्यायचा. तुझ्या आजेसासूबाईंनी दोन शालू दिलेत त्याला. हीसुद्धा काढली होती, पण त्यानं कमी भाव सांगितला म्हणून परत ठेवली." असले शालू जाळून त्यातली चांदी काढायचे.

२७ ऑक्टोबर

येवल्याला जाऊन आलो. मनमाडपर्यंत रेल्वे, पुढे गाडी. साडी नेली नाही, फोटो आणि नकाशा नेला. एका विणकरांच्या घरी मागावर बसून बघायला मिळालं. त्यांनी फोटो मोठा करून काठ आणि अंग जिथे भेटतात ती जागा दाखवली. "हे कडियल आहे, ताई. काठाचा धोटा वेगळा, अंगाचा वेगळा, आणि दर ओळीला दोन्ही धागे एकमेकांत अडकवलेत. आता बहुतेक एकधोटीच चालतं." धोटा म्हणजे बाण्याचा धागा आडवा नेणारी नळी. कडियलमध्ये काठाचा रंग अंगात मिसळत नाही, तो स्वच्छ राहतो. पण जोड त्या अडकवलेल्या धाग्यांवरच असतो, म्हणून साडी काठाला धरून ओढायची नाही, उचलायची नाही, आणि हँगरला तर मुळीच लावायची नाही. पदराच्या वजनाने तो जोड सुटत जातो.

गावातल्या एका दुकानात "काठ-पदर कापून नव्या रेशमावर बसवून देतो" असं सांगण्यात आलं. बरेच जण हे करून घेतात आणि साडी परत नेसण्याजोगी होते, हे मान्य. पण आमच्या साडीचं अंग धड आहे, त्यासाठी तो कडियल जोड कापायचा हे मला पटलं नाही.

कल्याणच्या रफूगारांचा हात फार चांगला आहे, त्यांनाही फोटो दाखवले. ते म्हणाले रफू होईल, पण त्यासाठी चिरेच्या दोन्ही बाजूंनी बोटभर धड कापडात धागा न्यावा लागेल. पैठणी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, त्यामुळे ते काम दोन्हीकडे दिसणार. आणि नवा धागा जुन्यापेक्षा मजबूत असला की पुढची चीर त्याच्या कडेला पडणार. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, पैसे न घेता.

तेव्हा ठरलं की विणायचं नाही, खालून आधार द्यायचा.

५ नोव्हेंबर

दिवाळीत काम बंद होतं. आज तयारी.

मलमल १२ मीटर आणली, ८५ रुपये मीटर. ती नवी वापरायची नाही. नव्या कापडात खळ असते, आणि खळ म्हणजे कसरीचं खाद्य. दोनदा गरम पाण्यात उकळून, साबणाशिवाय खळबळून वाळवली. नीळ किंवा स्टार्च काही नाही. आधारासाठी शुद्ध रेशमी ऑर्गेंझा, जरीच्या जवळ जाणारा फिकट पिवळट, अर्धा मीटर ४६० रुपयांना. तोही कोमट पाण्यातून काढून आकसवून घेतला आणि रंग सुटत नाही याची खात्री केली.

सहावारीचा फॉलही आज उसवला. चुण्यांचं कारण तोच निघाला. काही वर्षांपूर्वी लाँड्रीत ती साडी धुऊन तिला रोल पॉलिश केलं होतं. सुती फॉल पाण्याने आकसला, काठ आकसला नाही, आणि पॉलिशवाल्यांनी त्या चुण्या तशाच दाबून पक्क्या केल्या. पॉलिशच्या खळीने पदर अजून कडक आहे. कडक पदर घडीवर आणखी लवकर मोडतो. म्हणून पैठणीला पॉलिश नको, असं मी आता सगळ्यांना सांगते.

चुण्यांवर वाफेची इस्त्री फिरवली नाही. काठ सरळ करून त्यावर मलमल आणि वर कडा गुळगुळीत केलेल्या काचेच्या पट्ट्या ठेवून दोन दिवस सोडला. बऱ्याचशा बसल्या, काही राहिल्या. नवा फॉल आधी भिजवून, वाळवून, सैल तुरपाईने लावणार.

१० नोव्हेंबर

टाके घालण्याचा सराव सासूबाईंच्या एका विरलेल्या रेशमी झंपरावर केला, आणि ते फार बरं झालं. दोरा थोडा ओढला गेला तरी चिरेच्या बाजूला चुणी येते. तो टाका उसवला की जुन्या रेशमात सुईचं भोक कायमचं राहतं. म्हणजे इथे चुकलेला टाका काढून परत घालण्याची सोय नाही. झंपरावर हात बसेपर्यंत पैठणीकडे वळले नाही.

दोऱ्याचाही शोध लागला. बाजारातला पॉलिएस्टर दोरा चालणार नाही, तो रेशमाला कापतो. रेशमी भरतकामाचा दोरा जाड पडला. शेवटी ऑर्गेंझाच्याच कडेचे धागे एकेक ओढून काढले आणि १२ नंबरच्या सुईत ओवले. ते हाताने सहज तुटतात, आणि तसेच हवे आहेत. कुठे ताण आलाच तर दोरा तुटावा, साडी नव्हे.

१७ नोव्हेंबर

आठवडाभर रोज संध्याकाळी दिव्याखाली. पद्धत अशी : मलमल चढवलेला थर्माकोलचा सपाट तक्ता, त्यावर ऑर्गेंझाची पट्टी, त्यावर पदराची चीर. फुललेली ताण्याची टोकं ओलसर न करता, नुसत्या मऊ ब्रशने सरळ केली. दोन्ही कडा जवळ आणल्या, पण ओढून जुळवल्या नाहीत. जिथे कापड आकसलंय तिथे दोन-तीन मिलिमीटरची फट राहिली, ती राहू दिली. खालचा पिवळट ऑर्गेंझा दिसतो, लांबून कळत नाही.

मग चिरेला आडवे, दर पाच मिलिमीटरवर, कमी-जास्त लांबीचे टाके. सगळे एका लांबीचे घातले तर त्यांची टोकं एका रेषेत येतात आणि तिथे नवी घडी तयार होते. सुई दोन ताण्यांच्या मधून जाते, जरीच्या तारेतून कधीच नाही. भिंग लावल्याशिवाय ते दिसत नाही. एका बैठकीत बोटभर काम होतं, त्याहून जास्त केलं की डोळे चुकतात.

आधाराची बाजू कोणती, हा प्रश्न होता, कारण उलट-सुलट सारखीच. एका बाजूचा वांगी किंचित फिका आहे, म्हणजे ती उजेडाची. ऑर्गेंझा दुसऱ्या बाजूला गेला.

चारपैकी तीन चिरा झाल्या. चौथी काठाजवळची, तिथे कडियलचा जोडही थोडा सुटलाय. त्याला मी टाका घातला नाही. वरून-खालून ऑर्गेंझा ठेवून फक्त कडेला धरून ठेवलंय, ते जाणत्याच्या हाताने व्हायला हवं.

२१ नोव्हेंबर

आता घडीच नको, म्हणून साडी नळीवर गुंडाळायची. कापडाच्या दुकानातून पुठ्ठ्याची नळी फुकट मिळाली. पुठ्ठ्यातलं आम्ल कापडात उतरू नये म्हणून तिच्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि वर मलमलीचे दोन थर.

पहिली गुंडाळी वाया गेली. जरीचा काठ अंगापेक्षा जाड असतो. आठ-दहा वेढ्यांनंतर दोन्ही टोकं जाड आणि मधला भाग पोकळ, अगदी डमरू. काठावर ताण, अंगाला सुरकुत्या. नळीही दीड इंचाचीच होती, फारच बारीक. संपूर्ण दुपार गेली, सगळं उलगडून परत पसरलं.

२४ नोव्हेंबर

चार इंच व्यासाची नळी मिळाली, साडीच्या पन्ह्यापेक्षा दोन्हीकडे दोन इंच लांब. या वेळी साडीबरोबर मलमलही गुंडाळत गेलो आणि दर काही वेढ्यांनी मधल्या भागात, म्हणजे दोन काठांच्या मध्ये, मलमलीची एक जादा पट्टी घातली. त्याने जाडी सारखी झाली. हे एकट्याने जमत नाही. सासूबाई आणि मी समोरासमोर, यजमानांनी नळी फिरवली. ओढायचं नाही, नुसतं सोबत चालायचं.

पदर सगळ्यात शेवटी, बाहेरच्या मोठ्या वेढ्यावर. त्यावर मलमल आणि रुंद सुती नाडीची सैल गाठ. नळीची दोन्ही टोकं लाकडी ठोकळ्यांच्या खाचेत, म्हणजे साडीचं वजन साडीवर येत नाही. सगळं दिवाणाखालच्या कप्प्यात बसलं. प्लायवूडचा उग्र वास नवा असेपर्यंत तिथे काही ठेवू नये, आमचा दिवाण जुना आहे. प्लास्टिकचं कव्हर नाही, त्यात दमटपणा कोंडतो.

३० नोव्हेंबर

जाऊबाईंचं म्हणणं पडलं की एवढं केलंय तर पदर फ्रेम करून हॉलमध्ये लावू, सगळ्यांना दिसेल. त्यांना मी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं कापडांचं दालन आठवून दिलं. तिथे उजेड इतका मंद का असतो? जुन्या कापडासाठी ५० लक्सची मर्यादा पाळायची पद्धत आहे. आमच्या हॉलच्या खिडकीजवळ दुपारी मोबाईलवर मोजलं तर हजाराच्या वर. शिवाय काचेमागे ताणून लावलेल्या पदराचं सगळं वजन वरच्या चार टाक्यांवर. जाऊबाईंना पटलं. त्यांच्यासाठी पदराचा चांगला मोठा फोटो छापून फ्रेम केला.

६ डिसेंबर

पुतणीचं लग्न पुढच्या आठवड्यात. तिला नऊवारी हवी होती.

"काकू, फक्त फोटोपुरती. अर्धा तास."

"काष्टा घालायला अर्ध्या तासापेक्षा जास्त ओढाताण होते गं. आणि पदर खांद्यावर टाकलास की त्या टाक्यांवर सगळं वजन."

ती नाराज झाली. मग दिवाणाखालचा कप्पा उघडून भिंगातून तिला ती चीर दाखवली. बराच वेळ बघत होती. सहावारीवर तयार झाली.

तिच्यासाठी ठरवलेलं : अत्तर, केसांचा स्प्रे, मेकअप हे सगळं साडी नेसण्याच्या आधी, आणि वाळल्यावर. ब्लाउजला सुती अस्तर आणि घामपट्ट्या. घामातल्या मिठानेही जर काळवंडते. पिना काठातून किंवा जरीतून नाहीत, फक्त अंगातून, आणि पिनेमागे कापडाचा तुकडा.

१३ डिसेंबर

साडी रात्री अकराला परत आली. लगेच घडी घातली नाही, पलंगावर चादरीवर पसरून सकाळपर्यंत पंख्याखाली ठेवली. अंगावर उरलेली दमट ऊब घडीत गेली असती. सकाळी कमरेपाशी तेलकट बोट दिसलं. त्यावर टाल्कम पावडर, वर मलमल, चार तास, मग मऊ ब्रश. डाग जवळजवळ गेला. पाणी लावलं असतं तर रेशमावर पाण्याचीच कडा उमटली असती.

नऊवारीसारखी नळी प्रत्येक साडीला शक्य नाही, जागा नाही. सहावारी आणि शेला घडीतच राहणार. पण प्रत्येक घडीच्या वळणात मलमलीची मनगटाएवढी वळकटी ठेवली, म्हणजे वळण गोल राहतं, धार येत नाही. या वेळी तिपदरी घडी, पुढच्या वेळी चौपदरी, म्हणजे तीच रेषा दोनदा येणार नाही. दोन्ही सगळ्यात वरच्या कप्प्यात, त्यांच्यावर काहीही ठेवायचं नाही. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला वेगळ्या पुरचुंडीत, कापडाला न टेकता.

एकूण खर्च, येवल्याचा प्रवास धरून, साडेचार हजारांच्या आत. वेळ मात्र दोन महिन्यांच्या जवळजवळ सगळ्या मोकळ्या संध्याकाळी.

कपाटाच्या दारावर चिठ्ठी लावली आहे : मार्चमध्ये घडी बदलणे, मेअखेर कप्प्यातलं ओल शोषणारं सिलिका जेल तापवून परत ठेवणे, नऊवारीची चौथी चीर जाणत्याला दाखवणे.